स्तनाचा कर्करोग : उपचार मोफत, पण सोबत कोण जाणार?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न निघतो तो ऑपरेशनच्या खर्चाचा. आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यातही त्याचं उत्तर आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात बसतं. अडतं ते दुसरीकडेच.

रेडिएशनचंच बघा. ते साधारणपणे आठवड्यातले ५ दिवस, ३ ते ५ आठवडे चालतं. यंत्राखाली जातात फक्त काही मिनिटं, पण त्यासाठी मिरज नाही तर बार्शी गाठावी लागते. रोजची ये-जा अंगाला झेपत नाही. तिथं राहायचं तर खोलीचं भाडं आणि दोघांचं जेवण आलं. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण सोबतच्या नवऱ्याला किंवा मुलाला ते पूर्णच पडतं आणि त्याचा रोजगार बुडतो तो वेगळा. त्यात डाळिंबाच्या बागेत फवारणीचे दिवस असले की विचारायलाच नको. मग दारची शेळी बाजारात जाते आणि नंतर बाईच्या अंगावरचं सोनं.

आग्नेय आशियातल्या ८ देशांत ९,५०० हून अधिक कर्करुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यातली जवळपास निम्मी कुटुंबं वर्षाच्या आत खर्चानं कोलमडली होती. आपलं गावही त्याला अपवाद असेल असं वाटत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. नवरा आणि दीर परराज्यात सोनं-चांदी गाळतात, गावी सासू-सुना आणि पोरं. पैसे फोनवरून येतात. केमोनंतर रात्रभर उलट्या होतात तेव्हा उशाशी बसायला मात्र कुणीतरी घरातच लागतं.

डोक्यावरचे केस गेले, एक स्तन काढावा लागला, की बाई हळूहळू घरात बसते. हळदीकुंकवाला जात नाही, खरसुंडीच्या यात्रेला जात नाही. लोक काय म्हणतील ही धास्ती असते, आणि काही घरांत तिचा कप-ताट वेगळं ठेवलेलंही असतं. हा रोग शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं होत नाही, हे शंभर वेळा सांगावं लागलं तरी सांगावं. लेकीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आजार लपवणाऱ्याही आहेत, आणि लपवलेल्या आजाराला मदत मागता येत नाही.

एकटेपणाचा परिणाम नुसत्या मनावर होत नाही. अमेरिकेत स्तनाचा कर्करोग झालेल्या २,८३५ परिचारिकांच्या पाहणीत (२००६) असं दिसलं, की ज्यांचा नातेवाईक-मैत्रिणींशी संबंध फारच कमी होता, त्यांच्यात या रोगानं मृत्यू होण्याचं प्रमाण मोठा गोतावळा असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होतं.

अर्थात सोबत म्हणजे भेटायला येऊन ‘आमच्या आत्याला पण हाच होता, वाचली नाही’ असं सांगणं नव्हे. झाडपाल्याचा पत्ताही देऊ नये. त्यापेक्षा एक दिवस तिच्या पोरांना डबा द्यावा, जनावरांची धार काढावी, तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत एसटीत बसावं. बचत गटातल्या चौघी-पाचजणींनी पाळ्या लावल्या तर नवऱ्याचे रोज वाचतात. सोबत बाईच असली तर तिलाही अर्धंच तिकीट लागतं. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात; योजनेची कागदपत्रं, धर्मशाळा, रेल्वेची सवलत याबद्दल त्यांना पहिल्याच फेरीत विचारावं. मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

केस परत आले की विचारपूस थांबते. पण अनेकींना त्यानंतर हार्मोनची गोळी ५ ते १० वर्षं रोज घ्यावी लागते, अधूनमधून तपासणीला जावं लागतं. ‘आता बरी झालीस की’ म्हणून घरचे फेऱ्या टाळू लागतात, पैशाची ओढाताण असली की गोळीही मागं पडते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखाद्या शेजारणीनं नुसतं विचारलं, ‘गोळ्या आणल्यास का?’ तरी उपयोग होतो.