पिसांची माशी : कोणते पीस निवडावे ?



गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावून मासे धरतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण इंग्लंड-अमेरिकेत, तसेच आपल्या काश्मीर-हिमाचलच्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा पुष्कळदा नुसत्या पिसांवर धरतात ! गळाच्या दांडीवर पिसे दोऱ्याने अशी बांधतात, की माशाला तो किडाच वाटतो. याला ‘फ्लाय’ म्हणजे माशी म्हणतात. गळाच्या डोक्याशी शिशाचा गोळा असला, तर ती ‘जिग’. ती बुडते, आणि दोरीला हिसके दिले की पाण्यात वरखाली नाचते.

आता कोणी म्हणेल, पीस ते पीस, त्यात निवडायचं काय ? तसे नाही बरं का. माशी तरंगणार की बुडणार, हे बरेचसे पिसावर ठरते.

कोंबड्याच्या मानेचे एक लांब, अरुंद, चकचकीत पीस घ्या. देठ धरून त्याचे तंतू बोटांनी उलट्या बाजूला ओढा. टोकाकडचे तंतू ताठ उभे राहतात. बुडाकडचे मऊ असतात व एकमेकांत अडकतात. ताठ भाग गळाभोवती गुंडाळला की तंतू चहूकडे पायांसारखे उभे राहतात आणि माशी पाण्यावर टेकून राहते. विहिरीच्या पाण्यावर लांब पायांचे किडे न बुडता चालतात ना, तसेच. कोंबडीचे पीस याउलट. ते मऊ असते, पाणी पिते, म्हणून बुडणाऱ्या माशीला तेच चांगले.

मापही पाहावे लागते. गळाचे टोक आणि दांडी यांत जेवढे अंतर, त्याच्या साधारण दीडपट तंतू तरंगत्या माशीला लागतात.

जिगला ताठ पीस अगदी निरुपयोगी. तिला ‘मॅराबू’ नावाचे भुरभुरीत पीस बांधतात. मॅराबू हा आफ्रिकेतला करकोचा. पूर्वी त्याची पिसे वापरीत, आता टर्की कोंबड्याची रंगवून वापरतात. कोरडे असताना ते कापसासारखे फुगते, पाण्यात मिटते आणि प्रत्येक हिसक्याला उघडझाप करते. मासा त्यालाच भुलतो ! मात्र शेपूट फार लांब ठेवू नये, नाहीतर मासा शेपूटच चावतो आणि गळ चुकवतो.

आता आपल्या सह्याद्रीची गोष्ट. इथल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेण सांडल्यासारखे चकचकीत ठिपके असतात. विलायतेत सॅमन माशासाठी बांधलेल्या माशांना ती पिसे गालांपाशी लावीत. त्यासाठी ही पिसे हिंदुस्थानातून तिकडे जात. १९०२ साली सरकारने पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकोंबड्याला संरक्षण मिळाले. त्याला मारणे गुन्हा आहे, हे फासे लावणाऱ्यांनी ऐकावे. परदेशात आता पाळलेल्या पक्ष्यांची किंवा नकली पिसे वापरतात.

तरी हौस कुठवर जाते पाहा. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या संग्रहालयातून एका तरुणाने २९९ पक्ष्यांची जुनी कातडी चोरली, ती अशा माशांच्या पिसांसाठी ! त्या नटव्या माशा बहुधा काचेच्या पेटीतच राहतात. माशाला दुर्मिळ पिसाचे काय ? तो खुराड्यातल्या कोंबडीच्या पिसावरही येतो.

तेव्हा पिसे घरच्या निरोगी कोंबड्यांचीच घ्यावीत. मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याच्या पिसाला हात लावू नये. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता, तो माणसालाही होऊ शकतो. पिसे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, नाहीतर कसर लागते. मान, पाठ आणि शेपूट यांची पिसे वेगवेगळ्या कागदात बांधावीत, म्हणजे बांधायला बसल्यावर शोधाशोध होत नाही. गळ मात्र मोठ्या माणसाला विचारूनच हाती घ्यावा.