जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे झाकण उघडण्यापूर्वी

गेल्या चतुर्थीच्या तोंडावर माळ्याची साफसफाई करताना आजोबांचा यशिका कॅमेरा हाती लागला. चामड्याच्या वेष्टनावर बुरशीचा पांढुरका थर होता, पण आतला कॅमेरा धडधाकट दिसत होता. कुतूहलापोटी मागचे झाकण उघडले आणि त्याच क्षणी चूक उमगली. आत अर्धवट वापरलेला रोल होता. झाकण ताबडतोब मिटले. पण उजेडाने आपले काम केलेले होते. रोल धुऊन आला तेव्हा वरच्या वेढ्यांतील सारी छायाचित्रे जळून गेली होती. अगदी आतल्या वेढ्यांत दडलेली तीन तेवढी वाचली. त्यांपैकी एकात माटोळीखाली उभी असलेली आजी आहे. उरलेल्यांत काय होते, हे आता कोणालाच कळणार नाही.

आपल्याकडे असे कॅमेरे अनेक घरांत आहेत. कोणी बोटीवरच्या नोकरीतून आणलेले, कोणी आखातातून, कोणी मुंबईहून. फिल्मवरील छायाचित्रणाकडे तरुण मंडळी पुन्हा वळू लागल्याने ते आता कपाटांतून बाहेर पडत आहेत. त्यांना हात लावण्यापूर्वी चार गोष्टी ठाऊक असाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी रोल आहे का, ते पाहा

कॅमेरा डोळ्याला लावल्यावर डाव्या हाताकडे वरच्या बाजूस एक गोल कळ असते. तिला घडीचा छोटा दांडा असतो. तो उघडून बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवावा. कळ सैल फिरत राहिली, तर कॅमेरा बहुधा रिकामा आहे. थोडे फिरून ती ताणली गेली, तर आत फिल्म आहे. मात्र हीच कळ वर ओढली की अनेक कॅमेऱ्यांचे मागचे झाकण उघडते. तेव्हा ती फिरवायची, ओढायची नाही.

फिल्म असल्यास तळाकडील लहान बटण दाबून हाच दांडा सावकाश फिरवत राहावे. फिल्म डबीत परत जाऊ लागते आणि शेवटी ताण एकदम नाहीसा होतो. जुनी फिल्म कधी मध्येच तुटते आणि कळ सैल लागूनही ती आत राहू शकते. म्हणून पहिल्या खेपेस झाकण पूर्ण काळोख्या खोलीत उघडून बोटांनी चाचपून पाहणे शहाणपणाचे. चुकून उजेडात उघडलेच, तर क्षणाचाही विलंब न लावता मिटावे आणि रोल टाकून देऊ नये. डबीतील फिल्म आणि गुंडाळीच्या आतील वेढे बऱ्याचदा वाचतात. अनेक दशके पडून राहिलेल्या रंगीत फिल्मचे रंग उडालेले असले, तरी कृष्णधवल पद्धतीने धुतल्यास तिच्यावरील चित्र पुष्कळदा हाती लागते. रोल प्रयोगशाळेत देताना त्याचे वय सांगावे.

दोन खिडक्यांचे गणित

रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूस एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. आपण एका खिडकीतून थेट पाहतो. दुसऱ्या खिडकीतील दृश्य आरशाने वळवून अर्धपारदर्शक काचेद्वारे पहिल्यावर टाकलेले असते. त्यामुळे दृश्याच्या मध्यभागी एक फिकट पिवळा ठिपका दिसतो आणि त्यात समोरची वस्तू दुहेरी भासते. भिंगाचे कडे फिरवले की दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळल्या की भिंग त्या अंतरावर स्थिरावले. आपले दोन डोळे अंतर जोखतात, त्याच त्रिकोणाच्या तत्त्वावर हे चालते. जुळवणीसाठी खांब, दाराची चौकट किंवा चष्म्याची काडी अशी स्पष्ट कड निवडावी.

लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला आणि १९३२ च्या लायका-२ मध्ये भिंगाला जोडलेला अंतरमापक बसवला गेला. १९५४ च्या लायका एम-३ ने दृश्य पाहणे आणि अंतर मोजणे एकाच मोठ्या खिडकीत आणले. ही सोय सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणणाऱ्या जपानी कॅमेऱ्यांपैकी एक म्हणजे १९६६ चा यशिका इलेक्ट्रो ३५. त्याची १९७३ ची जीएसएन ही आवृत्ती आजही जुन्या बाजारात आढळते.

या रचनेचे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. आपण भिंगातून पाहत नसल्याने भिंगावरचे झाकण तसेच राहिले, तरी खिडकीतून सारे स्वच्छ दिसते. अख्खा रोल कोरा निघण्याचे हे ठरलेले कारण. दुसरे असे की, खिडकी आणि भिंग यांच्या जागा वेगळ्या असल्याने जवळच्या वस्तूची चौकट थोडी सरकते. यशिकात चौकटीच्या रेषा कडे फिरवताना आपोआप सरकतात. तेव्हा आधी अंतर जुळवावे, मग चौकट ठरवावी. जीएसएन ०.८ मीटरहून जवळचे टिपू शकत नाही.

यशिका हाती धरताना

या कॅमेऱ्यात झरोका, म्हणजे भिंगातून आत येणाऱ्या उजेडाचे प्रमाण, आपण ठरवायचा. शटर किती वेळ उघडे राहावे, हे कॅमेरा ठरवतो. बटण अर्धे दाबले असता लाल दिवा लागला, तर उजेड जास्त आहे. बाणाच्या दिशेने कडे फिरवून झरोका लहान करावा. पिवळा दिवा लागला, तर शटर एक-तीसांश सेकंदाहून मंद चालणार आहे. झरोका मोठा करावा किंवा कॅमेरा भिंतीला टेकवावा. शटरचा कमाल वेग एक-पाचशेंश सेकंद आहे. म्हणून १०० एएसएच्या फिल्मवर भर दुपारच्या उन्हात एफ ८ आणि ४०० एएसएच्या फिल्मवर एफ १६ या आकड्यापासून सुरुवात केल्यास लाल दिव्याचा त्रास होत नाही. प्रकाशमापक भिंगामागे नसून पुढच्या बाजूस स्वतंत्र आहे. त्यामुळे भिंगावर गाळणी लावल्यास तिने अडवलेला उजेड हिशेबात येत नाही. तेवढी एएसएची खूण आपणच खाली आणावी लागते.

फिल्म सावलीत भरावी. तिचे टोक उजवीकडच्या चाकाच्या फटीत अडकवून दात दोन्ही बाजूंच्या छिद्रांत बसल्याची खात्री करावी आणि मगच झाकण मिटावे. पुढे चाप ओढताना डावीकडची कळ उलटी फिरताना दिसली पाहिजे. ती स्थिर राहिली, तर फिल्म जागची हललेली नाही.

घरात रशियन झोर्की किंवा युक्रेनमधील खार्कीव्हचा फेड असेल, तर एक नियम कटाक्षाने पाळावा: आधी चाप ओढायचा, मगच शटरचा वेग बदलायचा. हा क्रम उलटा झाला, तर आतील यंत्रणा बिघडू शकते. शिवाय या कॅमेऱ्यांचे शटर कापडी असते. झाकण नसलेले भिंग उन्हाकडे रोखून ठेवले, तर सूर्याची किरणे एकवटून त्या कापडाला भोक पाडू शकतात.

बॅटरी, रबर आणि फोम

यशिकाची मूळ बॅटरी पाऱ्याची, ५.६ व्होल्टची होती. ती आता बनत नाही. योग्य आकाराच्या जोडणीसह ६ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी चालते. बॅटरीविना शटर उघडते, पण केवळ एक-पाचशेंश सेकंदाने, त्यामुळे घरातील छायाचित्रे काळी येतात. जुनी बॅटरी आत कुजून संपर्कपट्टीवर हिरवा-पांढरा क्षार साचला असल्यास व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसावा आणि जागा पूर्ण कोरडी करावी. कॅमेरा महिनाभर वापरात नसेल, तर बॅटरी काढून ठेवावी.

चाप ओढताना यशिकातून ‘टक्’ असा हलका आवाज यायला हवा. तो येत नसेल, तर आतील रबराची बारीक गादी झिजलेली असते आणि शटरचा हिशेब चुकतो. हा दुरुस्त होण्याजोगा दोष आहे. मात्र तो अनुभवी कारागिराकडून काढून घ्यावा. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल, तर तेथून उजेड शिरून चित्रांवर पट्टे उमटतात. तो खरवडून नवा लावणे घरीही जमते. चुरा शटरवर पडू न देण्याची काळजी तेवढी घ्यावी.

खरा शत्रू ओलावा

गोव्याचा पावसाळा कॅमेऱ्याला सर्वांत जड जातो. बुरशीचे बीज हवेत सर्वत्र असते. त्याला केवळ ओलावा आणि स्थिर अंधार लागतो. भिंगावर एकदा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले की त्यांतून पाझरणारे आम्ल काचेवरील लेप खाते. मग बुरशी पुसली, तरी डाग मागे राहतात. टॉर्चचा उजेड तिरपा टाकून भिंग वर्षातून दोनदा तरी तपासावे.

कॅमेरा मूळ चामड्याच्या वेष्टनात ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलचे दाणे आणि स्वस्तातला आर्द्रतामापक एवढी व्यवस्था पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत अपायकारक कोबाल्ट असते. म्हणून नारिंगी घ्यावेत आणि तेही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. तांदळाचा डबा टाळावा, कारण त्याची भुकटी फटींत शिरते. डांबरगोळ्याही नकोत. समुद्रावरून आल्यावर खारी वाफ मऊ, किंचित ओलसर कापडाने बाहेरून पुसावी. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवावी. सदऱ्याच्या टोकाने पुसू नये.

सर्वांत उत्तम औषध मात्र वापर हेच. दर महिन्याला कॅमेरा बाहेर काढून दहा-बारा वेळा चाप ओढावा, कडी फिरवावीत, भिंगाला वारा लागू द्यावा. आजोबांचा यशिका आता हवाबंद डब्यात असतो आणि महिन्यातून एकदा बाहेर येतो. या चतुर्थीला त्यात नवा रोल असेल. तो कोणत्या दिवशी भरला, हे एका चिठ्ठीवर लिहून ती कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवणार आहे. आजोबांनी तेवढी एक चिठ्ठी लावली असती, तर मी झाकण उघडले नसते.