पाळीव सरडा आणि त्याच्या निवाऱ्याची स्वच्छता : बारामती व इंदापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील तालुके होत. सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्य, कडबनवाडीचे गवताळ माळ आणि कालव्याखालील उसाची शेते यांमुळे सरडा व घोरपड येथील माणसांना नवखे नाहीत. दख्खनच्या माळरानांवरील, गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांच्या एका नव्या प्रजातीचे 2016 साली वर्णन झाले तेव्हा तिला 'सरडा' हेच शास्त्रीय नाव देण्यात आले, ही मराठी भाषकांना सुखावणारी बाब होय. अलीकडे मात्र हा प्राणी माळावरून काचेच्या पेटीत, म्हणजे दिवाणखान्यात, येऊ लागला आहे. त्यातून उद्‌भवणाऱ्या आरोग्याच्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोणता सरडा पाळता येतो?

स्वच्छतेच्या आधी हा प्रश्न येतो. घोरपड ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ऊसतोडीच्या वेळी सापडलेली जखमी घोरपड दयेपोटी का होईना, घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. अशा वेळी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळविणे हाच मार्ग होय. हिरव्या इग्वानासारखे परदेशी प्राणी पाळता येतात. परंतु 2022 ची कायदादुरुस्ती व 2024 चे नियम यांनुसार, आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट असलेल्या अशा प्राण्यांची नोंदणी 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर करावी लागते. विक्रेता ही गोष्ट सांगेलच असे नाही.

रोगजंतूंचा प्रश्न

सरड्याच्या आतड्यात साल्मोनेला हे जीवाणू नैसर्गिकरीत्या वास करू शकतात. प्राणी सुदृढ दिसतो, खातो-पितो आणि विष्ठेवाटे अधूनमधून जंतू बाहेर टाकत राहतो. त्यामुळे विष्ठेची एक तपासणी निर्दोष आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. प्रतिजैविके देऊन हे जंतू निपटून काढण्याचा प्रयत्नही व्यर्थ ठरतो; उलट औषधाला दाद न देणारे जंतू मात्र त्यातून वाढतात. अमेरिकेत लहान कासवांमुळे मुलांना होणाऱ्या याच संसर्गापायी 1975 साली चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद करण्यात आली. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण ज्या घरात आहेत, तेथे सरडा न पाळणेच श्रेयस्कर. एकत्र कुटुंबपद्धती टिकून असलेल्या या भागात अशी घरे थोडी नाहीत.

निवाऱ्याची स्वच्छता

विष्ठा दिसताच उचलावी. तिच्यातील पांढरा भाग युरिक आम्लाचा असून वाळल्यावर तो काचेला घट्ट चिकटतो; कोमट पाण्याने भिजवल्यास सहज सुटतो. पाण्याचे भांडे रोज घासावे, कारण सरडा अनेकदा त्यातच विष्ठा करतो. उरलेला पाला उन्हाळ्यात काही तासांतच आंबतो, तो त्याच दिवशी काढावा. न खाल्लेले जिवंत नाकतोडेही रात्रभर पेटीत ठेवू नयेत. ते झोपलेल्या सरड्यालाच चावतात. खाद्यासाठी उसाच्या वा डाळिंबाच्या बागेतील कीटक पकडून आणण्याचा मोह टाळावा, कारण त्यांच्या अंगावर फवारणीचा अंश असतो. तळाला वाळूपेक्षा वर्तमानपत्राचा कागद बरा. तो रोज बदलता येतो, आणि वाळू पोटात जाऊन आतडे तुंबण्याचे भयही राहत नाही.

संपूर्ण धुलाईच्या वेळी प्राणी दुसऱ्या खोक्यात हलवावा. प्रथम साबणाच्या पाण्याने सर्व घाण काढावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सेंद्रिय मळ शिल्लक असेल तर क्लोरीनचा प्रभाव बराच कमी होतो. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या घरगुती द्रावणाचा 1 भाग व पाण्याचे सुमारे 30 भाग असे मिश्रण लावून 10 मिनिटे ठेवावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि वास पूर्णपणे जाईपर्यंत उन्हात वाळवावे. वाळवायला बारामतीचे ऊन पुरेसे आहे. मात्र त्याच उन्हात प्राण्यासह काचेची पेटी ठेवल्यास तो अल्पावधीत दगावतो. हायपोक्लोराइटमध्ये शौचालय धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. फिनेल तर वापरूच नये. आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनेलचा वास, असे समीकरण रूढ झाले आहे. फिनॉलवर्गीय द्रव्ये सरपटणाऱ्या प्राण्यांना घातक असतात, हे ते वापरणाऱ्याच्या गावीही नसते.

पेटी व भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुणे ही सर्वांत मोठी चूक होय. त्यासाठी वेगळी बादली, वेगळा ब्रश व अंगणातील जागा ठेवावी, आणि सांडपाणी शौचालयात ओतावे. सरड्याला हाताळल्यानंतर, तसेच पेटीला नुसता स्पर्श झाल्यानंतरही, हात साबणाने धुवावेत. हाच नियम महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनाही लागू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2011 च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर विच्छेदन मागे पडले असले, तरी निरीक्षणासाठी कायदेशीररीत्या ठेवलेल्या प्राण्याची पेटी ज्या टेबलावर असते, त्याच टेबलावर विद्यार्थ्यांचे डबे उघडले जाणार नाहीत, हे पाहणे विभागाचे काम आहे.