नाडी एकाएकी धावते तेव्हा

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवा आणि घड्याळात पाहून ३० सेकंद ठोके मोजा. त्यांची दुप्पट म्हणजे मिनिटाचा वेग. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसात तो साधारणपणे ६० ते १०० असतो. मैदानाला फेऱ्या मारल्या की तो १५० च्या पुढे जातो. पण क्रमाक्रमाने चढतो आणि विसाव्यात क्रमाक्रमाने उतरतो. यात काळजीचे काही नाही.

काही मुलांची नाडी मात्र बसल्या जागी एकाएकी २०० च्या घरात जाते आणि तशीच एकाएकी पूर्ववत होते. असे का व्हावे?

हृदयाच्या उजव्या अलिंदात नैसर्गिक गतिनियंत्रक असतो. त्याचा विद्युत् संदेश मध्यावरील एका गाठीत सुमारे ०.१ सेकंद रेंगाळतो व मग निलयांत उतरतो. काहींच्या हृदयात मात्र याखेरीज आणखी एक वाट असते. मग कधीतरी संदेश एका वाटेने खाली जातो, दुसरीने वर येतो आणि फिरतच राहतो. एका फेरीस ०.३ सेकंद लागले, तर मिनिटाला २०० ठोके! हृदयस्नायूच्या कड्यात अशी लाट फिरते, हे जॉर्ज माइन्स यांनी १९१३ साली दाखवून दिले.

मंडल कोठेही तोडले की दिवा विझतो. येथेही फेरी कोठेतरी तोडावी लागते. सुमारे १५ सेकंद जोराने कुंथले व लगेच आडवे होऊन पाय वर उचलून धरले, तर एक मज्जातंतू त्या गाठीतील वाहन मंदावतो व पुष्कळदा फेरी तुटते. ही युक्ती डॉक्टरांकडूनच शिकावी. ॲडिनोसिनचे इंजेक्शन हेच काम काही सेकंदांत करते. कायमच्या उपायासाठी शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन जादा वाट जाळून टाकतात.

झटका ओसरला की ईसीजी बहुधा निर्दोष येतो आणि ‘मुलगी घाबरली असेल’ असे म्हणून विषय संपतो. म्हणून शिक्षकांनो, कोणी ‘छातीत धडधडते’ म्हणाले, तर तत्क्षणी नाडी मोजा. ठोके, वेळ आणि सुरुवात एकाएकी झाली का, हे लिहून ठेवा. डॉक्टरांना तो कागद मोलाचा ठरेल. सोबत छातीत दुखणे, धाप किंवा भोवळ असेल, अथवा धावताना शुद्ध हरपली असेल, तर मोजत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.