पाहुणा म्हणून आलेलं यंत्र

जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी. 1986-87च्या सुमारास या दोन ठिकाणचे संगणक टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना ई-मेल पाठवू लागले. भारतातल्या इंटरनेटची ही अगदी पहिली पावलं. त्यासाठी यूयूसीपी ही युनिक्स या संगणक प्रणालीवरची पद्धत वापरात होती. तिच्यातली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते: फोन लावणारं यंत्र पलीकडच्या यंत्रात माणसासारखंच शिरतं. त्याला स्वतःचं लॉगिन असतं, पासवर्डही असतो!

आत आलेल्या या पाहुण्याला कोणती फाइल मिळेल? तो कोणत्या फोल्डरांपर्यंत जाईल याची एक यादी असते. पण खरा पहारा फाइलसोबत नोंदलेल्या नऊ खुणांचा. मालक, त्याचा गट आणि बाकी सगळे, अशा तिघांसाठी वाचणं, लिहिणं, चालवणं. प्रत्येकापुढे फक्त हो किंवा नाही. मांडण्या होतात 512. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सची ही देणगी. पाहुणं यंत्र बहुधा ‘बाकी सगळ्यां’त मोडतं, म्हणजे त्याचं भवितव्य शेवटच्या तीन खुणांवर.

या नियमांत गमती दडल्या आहेत. जी फाइल तुम्हाला वाचताही येत नाही, ती कधीकधी पुसता मात्र येते. कारण फोल्डर म्हणजे मुळात नावांची यादी, आणि पुसणं म्हणजे यादीतलं नाव काढणं. त्यासाठी फोल्डरवर लिहिण्याची परवानगी हवी. फाइलच्या खुणा कुणी विचारतच नाही.

शिवाय संगणकाला माणसांची नावं नकोच असतात, प्रत्येक वापरकर्त्याचा क्रमांक पुरतो. सन कंपनीने 1984 साली एनएफएस ही यंत्रायंत्रांत फाइली वाटून घेण्याची पद्धत आणली, तेव्हा दूरच्या यंत्रावरची फाइल मागताना हा क्रमांकच तारेवरून जाई आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवी. दोन यंत्रांवर 501 क्रमांकाचे दोन वेगळे लोक असले, तर सर्व्हरच्या लेखी ते एकच! सर्वाधिकारी ‘रूट’चा क्रमांक शून्य. त्याच्यावर मात्र इतका विश्वास धोक्याचा, म्हणून दूरच्या यंत्रावरून आलेल्या शून्याला सर्व्हर सहसा ‘नोबडी’ या अधिकारशून्य वापरकर्त्यात बदलून टाकतो.

आता बोरिवली लोकलमध्ये हातात असलेला अँड्रॉइड फोन घ्या. त्यातही हेच क्रमांक आणि याच खुणा चालतात. त्याचा मालक एक, पण आत प्रत्येक अ‍ॅप स्वतंत्र वापरकर्ता, 10,000च्या पुढच्या आपापल्या क्रमांकाचा. बँकेच्या अ‍ॅपने स्वतःपुरत्या ठेवलेल्या फाइलींपुढे शेजारचा गेम ‘बाकी सगळ्यां’पैकी एक ठरतो, आणि त्याच्या वाट्याच्या तिन्ही खुणा ‘नाही’ म्हणतात.