पोथी, शिळा आणि आपला अभिमान

प्राचीन वैभवाचा अभिमान बाळगणे आपल्या लोकांस फार सोपे वाटते. ते वैभव तपासून पाहणे मात्र थोड्यांसच रुचते. सभेत कोणी पूर्वजांविषयी एखादे विधान करावे, श्रोत्यांनी टाळ्या पिटाव्या, आणि दुसऱ्या दिवसापासून ते विधान सिद्ध झाले असे धरून चालावे, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. दिवाणी न्यायालयात दोनशे रुपयांची बाकीदेखील कागद आणि साक्षीदार यांवाचून शाबीत होत नाही. मग दोन हजार वर्षांपूर्वी आपला समाज कसा होता, या थोर प्रश्नाचा निकाल केवळ ऐकीव गोष्टींवर का लागावा? महाराष्ट्राच्या इतिहासाचे अगदी आरंभीचे प्रकरण जे सातवाहनांचे, तेच उदाहरणादाखल घेऊन या कामी पुरावा कसा पाहावा लागतो, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

प्रथम पोथीची साक्ष घेऊ. पुराणे या राजांस आंध्र म्हणतात व त्यांच्या याद्या देतात. परंतु राजांची संख्या आणि त्यांची वर्षे एका पुराणाची दुसऱ्याशी जुळत नाहीत. मूळ पुरुषाचे नाव मत्स्यपुराणात शिशुक, वायुपुराणात सिंधुक आणि विष्णुपुराणात शिप्रक असे आहे. यांतील खरे कोणते? उत्तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात मिळते. तेथील लेण्यात हे नाव ब्राह्मी अक्षरांत ‘सिमुक’ असे कोरलेले आहे. ब्राह्मी लिपीचे कोडे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी सोडविले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी डोंगरोडोंगरी हिंडून लेखांच्या नकला घेतल्या, आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ साली दख्खनचा प्राचीन इतिहास सुसंगत रीतीने मांडला. शिळेने नाव शुद्ध करून दिले हे खरे. परंतु हा सिमुक वंशाचा संस्थापक होता, हे पोथीवाचून कळले नसते. एकीची उणीव दुसरीने भरून काढली.

आता आमच्या व्यापारी वाचकांस विशेष गोडी वाटेल अशी गोष्ट सांगतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले : दोन हजार दरमहा दरशेकडा एक या दराने, आणि एक हजार दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे, अशी अट आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस! शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदविल्याचे त्यात लिहिले आहे. ज्या कारागिरांस पुढे पुष्कळ काळ हलके लेखण्यात आले, त्यांच्या संघटनेवर एकोणीसशे वर्षांपूर्वी राजाच्या जावयाने आपल्या धर्मादायाची रक्कम विश्वासाने सोपविली होती. पुराणांच्या राजवंशांच्या याद्यांत या विणकरांचा पत्ता नाही.

तथापि शिळेवर कोरले म्हणजे ते सर्व खरे, असे मानणेही भोळेपणाचे आहे. पांडवलेण्यांतच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंश निःशेष केला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असे ती सांगते. यांपैकी क्षहरातांवरील विजयाच्या विधानास स्वतंत्र पुरावा आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती क्षहरात नहपानाची नाणी असून त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. येथे नाणे शिळेची साक्ष खरी करते.

परंतु वर्णसंकराचे काय? कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक राजकुळातील, एका महाक्षत्रपाची कन्या होती, असे आहे. हे कुळ शकांचे. आणि इसवी सन १५० च्या सुमाराच्या जुनागढच्या लेखात महाक्षत्रप रुद्रदामा म्हणतो की, दक्षिणापथपती सातकर्णीस आपण दोनदा जिंकले, परंतु जवळच्या संबंधामुळे त्याचा समूळ उच्छेद केला नाही. ज्या घराण्याने संकर थांबविल्याची ग्वाही शिळेवर कोरविली, त्याच घराण्यात परकीय म्हणून गणलेल्या कुळाची कन्या सून होऊन आली! जातिबंधने अनादि काळापासून अभंग चालत आली आहेत असे सांगून आजच्या विवाहांत आडवे येणाऱ्या सज्जनांनी या दोन लेखांचा विचार अवश्य करावा. प्रशस्ती ही पक्षकाराची कैफियत होय. तिची उलटतपासणी झालीच पाहिजे.

शिळेची आणखी एक मर्यादा आहे. दगडावर लेख कोरविण्यास द्रव्य लागते; म्हणून राजे, व्यापारी आणि भिक्षू तेथे बोलतात, शेतमजुराची बायको बोलत नाही. तिच्या जगाचा सुगावा हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या शेतांत आणि नदीकाठांवर लागतो. जे लेखातही नाही आणि ग्रंथातही नाही, ते भूमी सांगते. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजाने उत्खनन केले, तेव्हा घरांचे अवशेष आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरेही हाती लागली. गोदावरीच्या खोऱ्यातील बाजारपेठ किती दूरच्या देशांशी जोडलेली होती, हे त्या फुटक्या खापरांनी सांगितले.

असे हे साक्षीदार आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत आहेत, आणि आमचे खरे दुःख हे आहे. नाणेघाटात सिमुक, नागनिका राणी, सातकर्णी आणि राजकुमार यांच्या मूर्ती होत्या. आज वर नावे आणि खाली पायांच्या खुणा एवढेच उरले आहे. लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे खरडणारे तरुण पाहिले म्हणजे, खाली उतरून पूर्वजांचा जयजयकार करणारेही हेच, या विचाराने मन विषण्ण होते. नांगरास लागलेली नाणी सराफाच्या मुशीत गेली की, एक पुरावा कायमचा बुडाला. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किंमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविणारा आपला हक्क गमावतो व शिक्षेसही पात्र होतो. उलट सरकारने ते धन संपादन केल्यास धातूच्या किंमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे प्रामाणिकपणात व्यापारी दृष्टीनेही तोटा नाही.

सराफांनी जुने नाणे मुशीत टाकण्यापूर्वी जाणत्यास दाखवावे. शिक्षकांनी मुलांस लेण्यांत नेऊन अक्षरे वाचावयास शिकवावे. घरोघरच्या माळ्यांवर कसरीने खाल्ल्या जाणाऱ्या पोथ्या त्यांच्या धन्यांनी संशोधन-संस्थांच्या हवाली कराव्या. जे राष्ट्र आपल्या पूर्वजांस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्यांची खरी हकीकत ऐकण्यास भिते, त्याचा अभिमान दुसऱ्याने एक प्रश्न विचारताच कोसळतो. तपासून घेतलेला अभिमान थोडा असेल. पण तो कोणत्याही न्यायासनापुढे टिकेल.