कोयनेची रिकामी जागा

महाबळेश्वरात उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या धारेला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ एकदम पूर्वेला वळते. या वळणापाशी सुमारे 103 मीटर उंच आणि 807 मीटर लांब असे रबल काँक्रीटचे धरण आहे. 11 डिसेंबर 1967च्या भूकंपानंतर ते आणखी मजबूत करण्यात आले. मागच्या शिवसागर जलाशयात 105.25 टीएमसी पाणी मावते.

वीज मात्र धरणापाशी थोडीच होते. 1,960 मेगावॉट क्षमतेपैकी पायथा वीजगृहाचा वाटा अवघा 40 मेगावॉट. बाकीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला जाते आणि साडेचारशे मीटरहून अधिक खाली, पोफळी परिसरातल्या भूमिगत वीजगृहांत टर्बाइन फिरवते. त्याचे अवजल कोळकेवाडी धरणात अडवून पुन्हा वीज काढतात, मग ते वाशिष्ठीला मिळते. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. त्यामुळे पुराचे पाणी हवे तेवढे कोकणात उतरवता येत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. विजेसाठी जलाशय भरलेला हवा, पुरासाठी रिकामा. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर इथला पाऊस व पाण्याची चढती पातळी पाहून आवक काढली जाते. एक लाख क्युसेकची आवक दिवसभर टिकली, तर साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी जमते. जवळपास भरलेल्या जलाशयाला ते पेलत नाही. म्हणून ठरलेल्या तारखेला पातळी किती असावी, याची परिचालन सूची असते. पातळी त्यापुढे जाऊ लागली, की आधी पायथा वीजगृहातून पाणी सोडतात. ते पुरले नाही, तर नदीकाठच्या गावांना इशारा देऊन सांडव्याचे सहा वक्र दरवाजे सारखेच, फुटाफुटाने उचलतात.

हे पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळते आणि सांगलीकडे जाते. कृष्णा आधीच दुथडी असेल, तर कोयनेतला विसर्ग काही तास रोखणेही मोलाचे ठरते. पण रोखायला जागा लागते. जुलै-ऑगस्टमध्ये राखलेली ही रिकामी जागाच सांगलीचे पूरनियंत्रण आहे. ती उरली नाही, तर दरवाजे कितीही काटेकोरपणे हाताळले, तरी जेवढी आवक तेवढा विसर्ग करावाच लागतो.